कळकलेलं पाणी

१

"ललिताबाई, चला जी लवकर. माह्या घरी खून झाला."

गोपालभाऊ पिंपळशेंडे फाटकाशी उभे होते. पायात चप्पल नाही, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. ललिता मडावी अंगणात कैरीच्या फोडी उन्हात घालत होत्या. त्यांची सारी नोकरी गडचिरोलीच्या पोलिसात गेली होती. निवृत्त होऊन चंद्रपुरात घर बांधलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता हा शब्द कानावर पडायचा नाही. हातातलं ताट तसंच खाली ठेवून त्या शेजारच्या घरी धावल्या.

खून झाला होता तो एका फुलाचा.

गोपालभाऊंच्या बैठकीत भिंतभर काचेची पेटी होती, खाऱ्या पाण्याची. आत दगड, पांढरी वाळू आणि दगडाच्या खोबणीत एक समुद्रफूल. नावाचं फूल, पण तो जीवच. फुलला की ताटाएवढा व्हायचा. त्याची गुलाबी टोकांची बोटं पाण्याबरोबर डोलायची आणि त्या बोटांत क्लाउनफिशची जोडी मुक्काम करून असायची, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेली. दुसरा मासा त्या बोटांना लागला तर डंख बसायचा, या दोघांना मात्र ती गादी होती. कोळशाच्या धुळीत वाढलेल्या या गावात ते पाहायला लोक मुद्दाम यायचे.

हौस रीताबाईंची, म्हणजे भाऊंच्या बायकोची. कोकणच्या सहलीत खडकातल्या डबक्यात त्यांनी बोट घातलं होतं आणि तळाच्या एका समुद्रफुलानं ते अलगद धरून ठेवलं होतं. त्यानंतर या बाईनं नवऱ्याच्या मागे लागून घरीच समुद्र केला. रीताबाई ललिताबाईंची जुनी, जिवाची मैत्रीण. आजारपणात त्या गेल्या, त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. त्यांच्या मागे भाऊंनी ती पेटी देवघरासारखी सांभाळली होती.

आता ते फूल दगडावरून सुटून वाळूत पडलं होतं, भिजलेल्या पापडासारखं. कडा विरघळत होत्या. पाणी दुधाळ झालं होतं आणि वासानं खोलीत उभं राहवत नव्हतं. दोन्ही मासे मात्र जिवंत होते. भाऊंनी त्यांना स्वच्छ पाण्याच्या बादलीत हलवलं होतं.

"ऊन बाधलं असंल, भाऊ. वैशाख हाये."

"ऊन कसं बाधंल? हे पाहा."

स्टँडच्या मागे थर्माकोलचं मोठं खोकं होतं. पेटीचं पाणी पंपानं नळीतून त्या खोक्यातल्या बर्फात जायचं आणि गार होऊन परत पेटीत यायचं. भाऊंचा जन्म खाणीच्या वर्कशॉपमध्ये गेला होता. होळी झाल्याबरोबर त्यांनी ही सोय स्वतःच्या हातानं केली होती आणि रोज सकाळी त्यात ताजा बर्फ भरायचे. ललिताबाईंनी खोक्याच्या झाकणावर तळवा टेकवला. गार लागलं. आत पाणी डुचमळलं.

"गोगलगायी होत्या न यात? अन् ते लाल झिंगे?"

"ते तर चैत्रातच गेले. मले वाटलं, ऊन लागलं. म्हून मीनं बर्फ वाढवला, पंप दिवसभर चालू ठेवला. पण हे वेगळं हाये, बाई. हे मारलं." भाऊ खुर्चीत बसले. "स्वातीनं मारलं."

स्वाती ही त्यांची एकुलती मुलगी. गडचिरोलीच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. अक्षय तृतीयेला आईचं पान वाढायला ती आली होती आणि काल दुपारच्या गाडीनं परत गेली होती.

"भांडण झालं होतं आमचं," भाऊ म्हणाले. "म्हणे, बाबा, तू आईले काचेत कोंडून ठेवलं. हे फूल गेलं तर तू तरी सुटशील. अन् काल मी झोपलो असताना तिनं पेटीत हात घातला. गुणाबाईनं खिडकीतून पाह्यलं."

"म्हून ते पोरीनं मारलं असं होते का?"

"मीनं सकाळी फोन केला न तिले. विचारलं, तूच केलं का?" भाऊंनी बादलीतल्या माशांकडे पाहिलं. "ती थोडा वेळ बोलली नाई. मंग म्हणे, हाव बाबा, मीच केलं."

२

कबुली मिळाली की पोलिसाचं काम अर्धं होतं, असं ठाण्यात म्हणायचे. ललिताबाईंना मात्र सहज आलेल्या कबुलीची नेहमीच भीती वाटत आली होती. स्वाती लहानपणी सुट्यांत त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली. पाय तुटलेल्या चिमणीला हळद लावणारी पोर आईच्या हातचा जीव मारेल, हे त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी पेटीतलं बाटलीभर पाणी घेतलं आणि चौकशीला निघाल्या.

समोरच्या गुणाबाई ओसरीवर सुपारी कातरत होत्या.

"मीनं माह्या डोळ्यानं पाह्यलं, बाई. बाप घोरून राह्यला होता आन पोरगी पेटीमागं वाकली होती. कोपरापावेतो ओली. मंग मागच्या फाटकानं निघाली. बगलेत पेपरात गुंडाळलेलं काईतरी गोल, जड."

"ते घेऊन आत गेली?"

"आत नाई जी, बाहेर. आत जाताना हातात पिशवी होती, हार्डवेअरवाल्याची. माह्या आंगणातूनच गेली."

ललिताबाई तिथेच थबकल्या. विष घालणारा काही घेऊन येतो. जाताना जड गाठोडं कशाला नेईल?

वरच्या खोलीत लोकेश भाड्यानं राहत होता. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात पाळीची नोकरी, दिवसा झोपायचं आणि खाली पंपाची घरघर. त्यावरून भाऊंशी त्याची दोनतीनदा बाचाबाची झालेली. शिवाय आठवडाभरापूर्वी त्यानं खोलीत झुरळांची फवारणी करून घेतली होती.

"खाली वास गेला असंल का रे?" ललिताबाईंनी विचारलं.

लोकेशनं डोळे चोळत दार पूर्ण उघडलं. "मासे मेले का?"

"नाई."

"मग माझी फवारणी कशी असंल, मॅडम? डब्यावरच लिहिलंय, माशापासून दूर ठेवा. सगळ्यात आधी मासेच गेले असते." मग तो जरा ओशाळला. "भांडलो मी काकांशी, खरं आहे. पण शिफ्टवरून आलो की मीपण त्या काचेसमोर बसायचो. काका चहा द्यायचे."

सगळ्यात आधी मासेच गेले असते. हे वाक्य ललिताबाईंनी मनात गाठ मारून ठेवलं आणि त्या गोल बाजारात विक्कीच्या दुकानात गेल्या.

विक्की माशांचा व्यापारी. रीताबाईंना समुद्रफूल त्यानंच मुंबईहून आणून दिलं होतं. "फूल कधी विकायचं झालं तर आधी मले सांगा," असं तो हसत म्हणायचा. पण होळीपासून भाऊंनी त्याचं येणं बंद केलं होतं. पाणी गार करायचं तयार मशीन घ्या, असा त्याचा हट्ट होता. भाऊंनी त्याला सुनावलं होतं, की तुझ्या वयाएवढी वर्षं मी यंत्रं दुरुस्त केली, मले शिकवू नको.

"गेलं?" विक्कीचा चेहरा खरंच उतरला. "अशी फुलं माणसापेक्षा जास्त जगतात, मॅडम, नीट ठेवली तर. अन् मासे?"

"जिवंत हाये."

"मग ऊन नाई. गरम पाण्यात हवा राहत नाई, मासे आधी तडफडते. फिनाईल, साबण, असलंही काई नाई." त्यानं बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, दोन औषधांचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाणी हळूहळू रंगत गेलं.

"काय निघालं?"

"तांबं." त्यानं फळीवरून निळ्या पाण्याची बाटली काढली. "माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले का हे देतो आम्ही. यात तांबं असते. मासा सहन करते. गोगलगाय, झिंगा, समुद्रफूल, हे बिनहाडाचे जीव नाई सहन करत. म्हून फुलाच्या पेटीत याचा थेंबही पडू देत नाई."

"हे औषध कोणी नेलं का तुझ्याकडून?"

"शपथेवर सांगतो, कोणीच नाई." विक्की घुटमळला. "पण परवा एकजण येऊन विचारून गेलं. गोगलगायी आधी, मग झिंगे, अन् आता फूल मिटून बसलं, हे तांब्यानं होते का म्हणून."

"कोण?"

"स्वातीताई."

३

दुसऱ्या दिवशी ललिताबाई गडचिरोलीला निघाल्या. जाताना भाऊंच्या दारात डोकावल्या. पेटीतलं पाणी भाऊंनी काढून टाकलं होतं. मासे अजून बादलीतच होते. भाऊंची दाढी वाढलेली, आणि ते नजरेला नजर देईनात.

"स्वातीकडे जाऊन येतो, भाऊ."

"कायले जाता, बाई?" ते बादलीकडे पाहतच म्हणाले. "गेलं ते गेलं. पोरीनं हाव म्हटलं, मिटलं. आता उकरून काय भेटते?"

काल हाच माणूस खून झाला म्हणून अनवाणी धावत आला होता. दुःख निवत असेल, ललिताबाईंना वाटलं. माणसाचं तसंच असतं. आधी भडका, मग राख. त्या बसमध्ये बसल्या.

मूल आणि सावली ही गावं मागे पडली. वैनगंगेच्या पुलावर वारा आला तेव्हा त्यांनी खिडकीतून पाहिलं. उन्हाळ्यानं नदी वाळूत रुतली होती. मार्कंड्याच्या जत्रेला रीताबाई त्यांना ओढून न्यायच्या आणि दोघी त्याच नदीत गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या. "एवढी नदी हाये, ललिता," रीताबाई म्हणायच्या, "पण इचं पाणी समुद्राला कधी लागंल ते मले पाहाचं होतं."

स्वाती लॅबमधून बाहेर आली, हातमोजे काढत. ललिताबाईंना पाहून ती थांबली. झाडाखालच्या बाकावर दोघी बसल्या. बाजूला मुरुमगावकडून आलेलं एक कुटुंब भाकरीची शिदोरी सोडून बसलं होतं.

"मावशी, तू यायला नको होतं. मी बाबाला सांगितलं ना, मीच केलं."

"कसं केलं?"

"फिनाईल टाकलं."

"किती?"

"अर्धी बाटली."

"मंग मासे कसे वाचले?"

हातमोज्याचं एक बोट स्वाती उलटं करत राहिली.

"मीनं पाणी तपासून आणलं, बेटा. त्यात फिनाईल नाई, तांबं हाये. आन तू विक्कीकडे जाऊन तांब्याचंच विचारलं. मी जुनी ललिता असती तर तुले इथीच धरलं असतं." त्या जवळ सरकल्या. "पण गोगलगायी चैत्रात मेल्या. तू आली अक्षय तृतीयेला. तू यायच्या आधीपासून ते पाणी विषारी होतं. तू मारलं नाई. तू कोणाच्या वाटचं बोलून राह्यली?"

"कोणाच्याच नाही."

"पेपरात गुंडाळून काय नेलं?"

"मावशी!" स्वातीचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "तू माझ्या आईची मैत्रीण आहेस ना? मग हे इथंच सोड. मी हो म्हटलं, त्यात माझं काय गेलं? बाबा चार दिवस रागावेल, बोलणार नाही. शेवटी लेकच आहे मी, पुन्हा बोलेल. माझ्यावर रागावला तर तो जगतो गं. पण..."

पुढचं वाक्य तिनं गिळलं. तिला आतून हाक आली आणि ती उठून गेली. जाताना वळून हात जोडले, परक्या माणसाला जोडावेत तसे.

परतीच्या बसमध्ये ललिताबाईंना ते अर्धं वाक्य सोडेना. माझ्यावर रागावला तर जगतो. मग कोणावर रागावला तर जगणार नाही?

पुढच्या सीटवर एक म्हातारी स्टीलच्या डब्यातून ताक पीत होती. ललिताबाईंना आपली आई आठवली. अहेरीकडच्या गावी घरात तांब्याचं एक भांडं होतं, पाण्याचं. त्यात ताक किंवा चिंचेचं सार कोणी ओतलं, की आई खेकसायची, "कळकते नं गं! कल्हई नाई त्याले." आंबट कळकतं. खारटही कळकतं. तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि तोच पाण्यात उतरतो.

औषधाची बाटली नव्हती कोणाकडे. मग त्या घरात खारं पाणी तांब्याला लागत होतं कुठे?

वर्कशॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसानं पाणी गार करायला नळी घेतली असेल ती कशाची?

४

चंद्रपुरात उतरल्यावर त्या घरी न जाता थेट भाऊंकडे गेल्या. दार लोटलेलं होतं. भाऊ बाजारात गेले होते, तसं गुणाबाईंनी ओसरीवरूनच सांगितलं.

बैठकीत पेटी रिकामी उभी होती. दगड वाळले होते, पांढरे पडले होते. ललिताबाई स्टँडच्या मागे वाकल्या आणि थर्माकोलच्या खोक्याचं झाकण त्यांनी उचललं.

आत पारदर्शक प्लास्टिकच्या नळीची गुंडाळी होती. कोरी. टोकाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली, सांध्यावर नवे चकचकीत क्लिप. आणि ते सांधे जिथे थर्माकोलला टेकत होते, तिथे मोरपंखी हिरवे डाग. जुने, आत मुरलेले. प्लास्टिकनं असे डाग पडत नाहीत.

सगळं उलगडलं. भाऊंनी कुठल्या तरी जुन्या एसीची, तांब्याच्या नळीची कॉइल बर्फात बसवली होती, कारण तांब्यासारखं लवकर काही गार होत नाही, हे वर्कशॉपमधल्या कोणालाही ठाऊक असतं. कॉइलमधून खारं पाणी फिरत राहिलं, कळकत राहिलं. आधी गोगलगायी गेल्या, मग झिंगे गेले. भाऊंना वाटलं ऊन बाधतंय, म्हणून त्यांनी पंप आणखी चालवला. जितकं जपायला गेले, तितकं विष वाढलं.

आणि स्वाती आली. तिनं मिटलेलं फूल पाहिलं, खोकं उघडलं, विक्कीला विचारलं. बाप झोपला असताना तिनं कॉइल काढून प्लास्टिकची नळी बसवली आणि कॉइल पेपरात गुंडाळून नेली. फूल वाचलं असतं तर बापाला कधी कळलंच नसतं. ते वाचलं नाही. सकाळी फोन आला, "तूच केलं का?" तिनं थोडा वेळ विचार केला आणि हो म्हटलं. बायकोच्या मागे जे एक सांभाळलं ते आपल्याच हातानं मेलं, हे बापाला कळू नये म्हणून.

ललिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हे भाऊंना सांगायचं की पोरीचा शब्द राखायचा? त्यांनी झाकण लावायला हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला.

त्यांनी खोक्याच्या तळावरून बोटं फिरवली. कोरडा खडखडीत. कोपऱ्यात ओलाव्याचा मागमूस नाही.

फूल मेलं त्या सकाळी याच खोक्यात पाणी डुचमळत होतं. त्यांनी स्वतः हात टेकवला होता.

५

भाऊ आले तेव्हा ललिताबाई खुर्चीत बसल्या होत्या. खोकं खोलीच्या मधोमध, झाकण बाजूला. भाऊंनी ते पाहिलं, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"भाऊ, यातलं पाणी कोणी काढलं?"

बादलीत एका माशानं गोल फेरी मारली.

"मीनं," भाऊ म्हणाले.

"कधी?"

"त्याच दिवशी, सांजच्या पारी. तुम्ही गेल्यावर. म्हटलं, बर्फाचं पाणी सडंल, काढून टाकतो. झाकण उघडलं तर माही कॉइल नाई. तिथी ही नळी. मले समजंचना, बाई. स्वातीनं नळी काऊन बदलली? मंग तो हिरवा डाग दिसला." त्यांनी दोन्ही तळवे समोर धरून पाहिले. "वर्कशॉपमधी तांब्यावर असा हिरवा थर किती येळा खरवडला मीनं, या हातानं. मले सगळं समजलं. उभ्या उभ्या समजलं."

"आन पोरीले फोन?"

"हातात घेतला होता. म्हटलं, उद्या करू. उद्या सकाळी म्हटलं, सांजेला करू." ते खाली बसले, जमिनीवरच. "खरं सांगू का, बाई? तिनं 'मीच केलं' म्हटलं होतं न, ते आठवलं का मले बरं वाटे. छातीवरचा दगड हलका होये. माहीच पोर, माह्यासाठी खोटं बोलली, हे समजत होतं. तरी बरं वाटे. रीता विचारंल तर सांगता येईल, मीनं नाई केलं, असं वाटे. मेलेल्या बाईले का कोणी असं सांगते?"

ललिताबाईंनी आयुष्यात पुष्कळ जबाब घेतले होते. रडणारे, शिव्या देणारे, पाया पडणारे पाहिले होते. असा जबाब कधी लिहून घेतला नव्हता. क्षणभर त्यांना वाटलं, खोकं उघडलं नसतं तर बरं झालं असतं. पोरीचं खोटं आणि बापाचं मौन, दोन्ही एकमेकांना टेकून उभी होती. आपण मधली काडी काढली.

पण ती पोर बाकावर बसून हातमोजा उलटा करत होती, तेही त्यांनी पाहिलं होतं.

"फोन करा, भाऊ. आता लगेच. आन असं सांगा का ललिताबाईनं आज खोकं उघडून दाखवलं. आजच समजलं म्हणा. मी साक्ष देतो. कोणी विचारणार नाई."

भाऊंनी मान हलवली. "नाई जी. एक झालं न खोटं. आता पुरे."

त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असायचा. घंटी दोनदाच वाजली.

"बाबा?" स्वातीच्या आवाजात धाप होती, जिना धावत चढल्यासारखी. बापानं आपणहून फोन केला, याचा आनंद तिला लपवता येत नव्हता. "जेवला का बाबा तू? मी उद्याच करणार होते तुला फोन. हे बघ, राग आला असेल तर मला बोल, पण जेवत जा. बाबा?"

"स्वाती, कॉइल माही होती."

भाऊंनी फोन दोन्ही हातांत धरला.

"फूल मीनं मारलं. तू नाई. मले माहीत हाये."

"बाबा, अरे..." ती रडायला लागली. "मावशीनं सांगितलं ना? मी तिला हात जोडले होते. तू मनाला लावून घेऊ नको रे. तुला काय माहीत होतं? तू तर गार राहावं म्हणून केलंस. आईलासुद्धा कळलं असतं ते. ऐकतोस ना? तुझी काही चूक नाही."

इथेच थांबावं, असं ललिताबाईंना फार वाटलं. त्यांनी भाऊंकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं. भाऊंनी नजर वळवली.

"मावशीनं नाई सांगितलं. मले त्याच दिवशी समजलं होतं. सांजेला."

"कोणत्या दिवशी?"

"ज्या सकाळी तुले बोललो, त्याच सांजेला."

रडणं थांबलं. फोनमधून दवाखान्याच्या व्हरांड्यातले आवाज येत राहिले, कोणाचं तरी नाव पुकारल्याचे, ट्रॉलीची चाकं. स्वाती तिथेच होती, श्वास ऐकू येत होता. तांबं पाण्यात उतरल्याचा दोष तिला चालत होता. तिनं तेवढं पदरात घेतलं होतं, हसत घेतलं होतं, बापाला माहीत नाही या एका आधारावर.

"बोल न काई," भाऊ म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी दोन्ही मासे विक्कीच्या स्वाधीन केले. त्याच्या दुकानातल्या मोठ्या पेटीत एक समुद्रफूल होतं, लहानसं. मासे तिथे रुळले म्हणे. मग अंगावर धुतलेला शर्ट घालून भाऊ गडचिरोलीच्या गाडीत बसले. ललिताबाई सोबत येते म्हणाल्या, तर नको म्हणाले.

दिवस कलताना ते परत आले. ललिताबाई फाटकाशीच उभ्या होत्या.

"भेटली?"

"भेटली न. रूमवर नेलं. आळण केलं, भात केला. पोटभर खाल्लं मीनं. मीनं माफी मांगितली, तर म्हणे, जाऊ द्या, झालं ते झालं. काई रागावली नाई. बसस्टँडपावेतो सोडाले आली, खिडकीपाशी उभी राह्यली." भाऊंनी फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि ती उघडायची विसरून गेले.

"निघताना काय म्हणाली?"

"तब्येतीची काळजी घ्या म्हणाली."

भाऊ कडीकडे पाहत होते.

"घ्या म्हणाली, बाई," ते पुन्हा म्हणाले. "घे नाई म्हणाली."